उताऱ्यावरील प्रश्न : युक्ती, वाचन आणि तात्पर्यनिर्णय
(सातारा-सांगली परिसरातील परीक्षार्थींच्या संदर्भात एक चिकित्सा)

सारांश

स्पर्धा परीक्षांतील उताऱ्यावरील बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यासाठी ज्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेक युक्त्या इंग्रजी गद्याच्या घडणीवर आधारलेल्या आहेत. मराठी वाक्याची आणि मराठी निबंधाची घडण वेगळी असल्यामुळे त्या युक्त्या मराठी उताऱ्यावर अनेकदा उलट्या पडतात. प्रस्तुत लेखात या युक्त्यांची चिकित्सा केली असून एका नमुना उताऱ्याच्या आधारे चुकीच्या पर्यायांची रचना तपासली आहे. मीमांसकांच्या तात्पर्यनिर्णयाच्या सहा गमकांचा या कामी काय उपयोग होऊ शकतो आणि त्या उपयोगाला मर्यादा कोठे पडतात, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : आकलन, उतारा, बहुपर्यायी प्रश्न, पूर्वपक्ष, तात्पर्यनिर्णय, नकारात्मक गुणपद्धती.

१. प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील खावली आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे जवाहर नवोदय विद्यालये आहेत. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलांना जी निवड चाचणी द्यावी लागते, तीत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांपैकी २० प्रश्न व २५ गुण भाषेचे असून भाषेचा हा संपूर्ण विभाग चार उताऱ्यांवर आणि प्रत्येकी पाच प्रश्नांवर आधारलेला असतो. व्याकरणाचा किंवा पाठांतराचा स्वतंत्र प्रश्न तेथे नसतो. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाची भाषा तेथे केवळ वाचून समजण्याच्या कसोटीवर मोजली जाते.

याच मुलांपैकी काही जण पुढे पदवी घेऊन सातारा, कराड, सांगली, विटा येथील अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करू लागतात, तेव्हा तीच कसोटी पुन्हा समोर येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ पासून राज्यसेवा पूर्व परीक्षेत दुसरी प्रश्नपत्रिका आणली. सी-सॅट या नावाने ती ओळखली जाते. दोन तासांत ८० प्रश्न, एकूण २०० गुण, आणि प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न सामान्यतः उताऱ्यांवर, असे तिचे स्वरूप आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये अशी प्रश्नपत्रिका सुरू केली आणि २०१५ पासून ती केवळ अर्हताकारी ठेवली. राज्य आयोगानेही २०२२ मध्ये ३३ टक्के गुणांची अट ठेवून ती अर्हताकारी करण्याचा निर्णय जाहीर केला.

दोन्ही टोकांना एकच कौशल्य तपासले जाते. मधल्या दहा-बारा वर्षांत मात्र ते शिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे स्पष्ट नसते. शाळेत उतारा हा प्रश्नपत्रिकेचा एक भाग म्हणून येतो, महाविद्यालयात नेमलेले पुस्तक येते, आणि उताऱ्याचे आकलन हा विषय शेवटी शिकवणी वर्गाकडे जातो. तेथे तो 'युक्ती' या रूपाने शिकवला जातो. या युक्त्यांचा कस भाषेच्या अंगाने कोणी पाहिलेला नसतो. तो पाहणे हे खरे तर मराठीच्या अध्यापकांचे काम आहे.

२. बहुपर्यायी आकलनाची पार्श्वभूमी

बहुपर्यायी प्रश्नाचा उगमच वाचनाच्या चाचणीत आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची जी चाचणी तयार केली, ती या प्रकारच्या आरंभीच्या चाचण्यांपैकी एक मानली जाते. तपासणाऱ्यागणिक गुण बदलू नयेत आणि तपासणी झटपट व्हावी, हा तिचा हेतू होता. म्हणजे पर्यायांची ही पद्धत तपासणाऱ्याच्या सोयीतून आली.

याच सुमारास, १९१७ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मुलांनी परिच्छेद वाचताना केलेल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे. परिच्छेद समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक शब्दाला योग्य तेवढे वजन द्यावे लागते. चुकणारा वाचक बहुधा एखाद्या ठळक शब्दाला गरजेपेक्षा जास्त वजन देतो आणि उरलेले वाक्य त्या शब्दाभोवती स्वतःच रचतो. चुकीचा पर्याय तयार करणारा प्रश्नकर्ता वाचकाच्या याच सवयीवर भिस्त ठेवतो.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात त्यांनी वाचनातील अडचणींची जी यादी दिली, तीत साधा अर्थ न कळणे ही पहिली अडचण होती. वाचकाच्या ठाम मतांमुळे होणारा अडथळा आणि ठरावीक साच्यातील प्रतिसाद यांचाही त्यात समावेश होता. रिचर्ड्स यांचे वाचक साहित्याचे विद्यार्थी होते. तेव्हा ग्रामीण भागातील पदवीधराला उतारा नीट समजत नाही, ही तक्रार करताना हा इतिहास स्मरणात ठेवणे इष्ट आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेतील सॅट परीक्षेचे आकलनाचे प्रश्न उतारा न वाचताही निव्वळ अंदाजापेक्षा अधिक प्रमाणात बरोबर सोडवता येतात. सामान्य ज्ञान आणि पर्यायांची ठेवण यांवरूनच काही उत्तरे हाती लागतात. युक्ती जेथे चालते तेथे ती का चालते, याचे उत्तर या निरीक्षणात आहे. प्रश्न कच्चा असेल तर युक्ती पुरते. प्रश्न पक्का असेल तर तिचा उपयोग होत नाही.

३. प्रचलित युक्त्यांची चिकित्सा

शिकवणी वर्गांतून आणि मार्गदर्शक पुस्तकांतून सांगितल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकी प्रमुख पाच अशा :

(१) उताऱ्याआधी प्रश्न वाचावेत. (२) परिच्छेदाचे पहिले आणि शेवटचे वाक्य वाचले की मध्यवर्ती आशय मिळतो. (३) प्रश्नातील कळीचा शब्द उताऱ्यात शोधावा आणि त्याच्या आसपास उत्तर पाहावे. (४) 'केवळ', 'सर्व', 'कधीही नाही' अशा टोकाच्या शब्दांचा पर्याय वगळावा. (५) बाहेरचे ज्ञान वापरू नये.

यांपैकी पाचवी सूचना मुळात युक्ती नव्हेच. तो वाचनाचा नियम आहे आणि पाळायला सर्वांत अवघड आहे. त्याचा विचार पुढे केला आहे. पहिली युक्ती माहितीपर प्रश्नांना उपयोगी पडते, परंतु आशयाच्या किंवा लेखकाच्या भूमिकेच्या प्रश्नांना ती मारक ठरते. पाच प्रश्न आणि त्यांचे वीस पर्याय मनात घेऊन उताऱ्यात शिरणारा वाचक उतारा वाचत नाही, तर त्यात शोधाशोध करतो. शिवाय त्या वीस पर्यायांपैकी बहुसंख्य पर्याय चुकीचे असतात आणि वाचण्यापूर्वीच ते मनात घर करतात. याबाबत एक मध्यम मार्ग सुचवता येतो : प्रश्न आधी पाहावेत, पर्याय मात्र पाहू नयेत.

दुसरी युक्ती सर्वाधिक लोकप्रिय आणि मराठीत सर्वाधिक फसवी आहे. इंग्रजी निबंधलेखनाच्या शालेय शिस्तीत परिच्छेदाचे पहिले वाक्य प्रतिपाद्य विषय मांडते आणि पुढची वाक्ये त्याला आधार देतात. मराठी वैचारिक गद्याने मात्र शास्त्रचर्चेची एक जुनी रीत आत्मसात केली आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्याच तोंडून मांडायचे आणि मग त्याचे निरसन करून उत्तरपक्ष स्थापायचा, ही ती रीत. कराडजवळच्या टेंभू येथे १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे निबंधलेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विरोधकांचे मत आधी पुढे ठेवून मग ते खोडून काढण्याची वादपद्धती त्यांच्या वाचकांच्या परिचयाची आहे. अशा गद्याचे पहिले वाक्य लेखकाचे मत म्हणून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती नेमके विरोधकाचे मत लागते.

तिसऱ्या युक्तीचा दोष थॉर्नडाइक यांच्या निरीक्षणातूनच स्पष्ट होतो. चांगल्या प्रश्नाच्या योग्य पर्यायात उताऱ्यातील शब्द बदललेले असतात, तर चुकीच्या पर्यायात ते जसेच्या तसे ठेवलेले असतात. शब्द जुळवणाऱ्याला चुकीचा पर्यायच अधिक ओळखीचा वाटतो. चौथी युक्ती पुष्कळ वेळा चालते. परंतु उताऱ्याचे विधानच टोकाचे असेल, तर सौम्य पर्याय चुकीचा ठरतो. नियम एवढाच की, पर्यायाची तीव्रता उताऱ्याच्या तीव्रतेइतकी असावी.

४. मराठी वाक्याची घडण आणि वाचकाची नजर

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार क्रियापदाबरोबर येतो. त्यामुळे वाक्याचा निवाडा सर्वांत शेवटी कळतो. पुढील वाक्य पाहावे : 'कारखाना उभा राहिला, ऊस आला आणि त्यामुळे गावातील सर्व थरांची स्थिती सुधारली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.' घाईने नजर फिरवणारा वाचक 'सर्व थरांची स्थिती सुधारली' येथे थांबतो. वाक्याचा अर्थ मात्र त्यानंतरच्या शब्दांत उलटतो. इंग्रजीत असा नकार बहुधा वाक्याच्या आरंभीच येतो. म्हणून वाक्याच्या पूर्वार्धावर नजर टाकून पुढे जाण्याची सवय तेथे निभावते, येथे निभावत नाही.

दुसरे वैशिष्ट्य अव्ययांचे. 'साठवण हा उपाय आहे', 'साठवण हाच उपाय आहे', 'साठवण हाही उपाय आहे' आणि 'साठवण हा उपायच नाही' या चार वाक्यांत एका अक्षराने किंवा एका शब्दाने चार वेगळी विधाने होतात. 'च' इतर शक्यता मिटवतो, 'ही' त्या उघड्या ठेवतो. 'मात्र' आणि 'पण' दिशा बदलतात; 'तरी' अपेक्षाभंग सुचवतो; 'म्हणे' विधानाची जबाबदारी बोलणाऱ्यावरून काढून घेतो. चुकीचे पर्याय पुष्कळदा 'ही'च्या जागी 'च' घालून तयार केलेले असतात. या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची साधी सवय ही कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

तिसरी गोष्ट प्रश्नातील नकाराची. 'पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?' अशा प्रश्नात दोन नकार मिळून होकार होतो. उतारा उत्तम समजलेला विद्यार्थीही येथे चुकतो. अशा प्रश्नाचे आधी होकारार्थी रूपांतर करून घ्यावे : 'कोणते विधान योग्य आहे?' आणि मगच पर्यायांकडे वळावे.

येथे या परिसराचा एक विशेष नोंदवणे आवश्यक आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील घरची बोली आणि परीक्षेतील प्रमाण मराठी यांत मोठे अंतर आहे. जत तालुक्यात तर अनेक घरांची भाषा कन्नड आहे आणि कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' यांतून या मुलखाची बोली साहित्यात प्रतिष्ठित केली, हे खरे. परंतु परीक्षेचा उतारा त्या बोलीत येत नाही. तो शासकीय, अर्थशास्त्रीय किंवा वैचारिक मराठीत येतो, आणि पुष्कळदा तो इंग्रजीवरून अनुवादित असतो. केंद्रीय आयोगाच्या पूर्व परीक्षेत तर मराठी नसतेच. तेथे हिंदी किंवा इंग्रजी यांतूनच वाचावे लागते. म्हणून 'मातृभाषेतील उतारा सोपा' हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक आहे.

५. एक नमुना उतारा

वरील मुद्दे स्पष्ट व्हावेत म्हणून परीक्षेच्या धर्तीवर रचलेला पुढील उतारा घेऊ :

'सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. या आकड्यांवरून माणच्या दुष्काळाचे कारण केवळ निसर्ग आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कमी पाऊस म्हणजे दुष्काळ नव्हे. कमी पावसावर येणारी बाजरी, मटकी आणि मेंढपाळी यांच्या आधारे या भागाने आपले जीवन उभे केले होते. येथील पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि अडवला नाही तर वाहून जातो. मात्र बंधारे बांधले की प्रश्न सुटतो, असेही मानता येणार नाही. अडवलेले पाणी कोणत्या पिकाला किती द्यायचे हे गावाने ठरवले नाही, तर बंधारा भरूनही विहिरी कोरड्याच राहतात. तेव्हा पाण्याचा प्रश्न जितका आकाशाचा आहे, तितकाच तो गावाच्या निर्णयाचाही आहे.'

पहिला प्रश्न : उताऱ्याचा मध्यवर्ती आशय कोणता? (अ) माणच्या दुष्काळाचे कारण तेथील अल्प पाऊस हे आहे. (ब) बंधारे बांधल्यास माणचा दुष्काळ हटेल. (क) पाणीटंचाई निसर्गाशी आणि पाण्याच्या वापराच्या सामूहिक निर्णयाशी निगडित आहे. (ड) माणचा दुष्काळ पूर्णतः मानवनिर्मित आहे.

उत्तर (क) आहे. अभ्यासाच्या दृष्टीने इतर तीन पर्याय अधिक महत्त्वाचे आहेत. (अ) हा पूर्वपक्ष आहे. उताऱ्यात तो 'मोह' म्हणून येतो, मत म्हणून येत नाही. पहिले वाक्य आणि त्यातील आकडे यांवर भिस्त ठेवणारा येथे फसतो. (ब) मध्ये उताऱ्यातील वाक्याचा पूर्वार्ध ठेवून शेवटचा नकार काढून टाकला आहे. (ड) हा सर्वांत चतुर पर्याय आहे. 'पण' हा शब्द ज्याच्या लक्षात आला, परंतु 'जितका-तितकाच' आणि 'निर्णयाचाही' यांतील तोल ज्याच्या लक्षात आला नाही, अशा अर्ध्या सावध वाचकासाठी तो ठेवलेला आहे. तीन चुकीचे पर्याय म्हणजे तीन प्रकारचे अपुरे वाचन होय.

दुसरा प्रश्न : पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्याला धरून नाही? (अ) बंधारे निरुपयोगी आहेत. (ब) अल्प पावसावरही उपजीविका उभी राहू शकते. (क) माणमधील पाऊस थोड्या दिवसांत पडतो. (ड) पाणीवापराबाबत गावाचा निर्णय महत्त्वाचा असतो.

उत्तर (अ) आहे. बंधारे पुरेसे नाहीत, असे उतारा म्हणतो. ते निरुपयोगी आहेत, असे म्हणत नाही. 'अपुरे' आणि 'निरुपयोगी' यांतील हे अंतर या प्रश्नाचा गाभा आहे. बाहेरच्या ज्ञानाचा अडथळा येथेच येतो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेची सुरुवात २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांतून झाली, त्यांत सातारा जिल्ह्यातील कोरेगाव होता. या परिसरातील अनेक तरुणांनी श्रमदान केले आहे, भरलेला बंधाराही पाहिला आहे आणि गाळाने बुजलेलाही. या अनुभवामुळे बंधाऱ्याविषयी त्यांचे मत आधीच ठरलेले असते. ज्याचा अनुभव चांगला, त्याला (ड) दुय्यम वाटेल. ज्याचा अनुभव वाईट, त्याला (अ) हेच उताऱ्याचे म्हणणे वाटेल. रिचर्ड्स यांनी नोंदवलेला ठाम मतांचा अडथळा तो हाच. आपल्या मातीविषयीचा उतारा आपल्यासाठी सोपा असतो असे नाही. पुष्कळदा तोच अधिक कठीण असतो. कारण त्यात लेखकाचे म्हणणे कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे वाचकाला कळत नाही.

तिसरा प्रश्न : महाबळेश्वरचा पाऊस माणच्या तुलनेत कसा आहे? हा प्रश्न उतारा झाकून ठेवला तरी या जिल्ह्यातील कोणीही सोडवेल. कॅट्झ यांच्या अभ्यासातील आक्षेप अशाच प्रश्नांना लागू होतो. परीक्षकाच्या दृष्टीने हा प्रश्न निकामी आहे. परीक्षार्थीच्या दृष्टीने तो मिळालेला गुण आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

६. तात्पर्यनिर्णयाची सहा गमके

ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मीमांसा आणि वेदान्त यांच्या चर्चेत त्यासाठी सहा गमके सांगितली जातात : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरवताना याच कसोट्यांचा आधार घेतला. या शास्त्राशी सातारा जिल्ह्याचा संबंध जवळचा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वती यांनी 'मीमांसाकोशा'चे सात खंड सिद्ध केले. ही गमके उताऱ्याला कशी लागू पडतात, ते पाहू.

उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, हे मिळून एकच गमक आहे. येथेच दुसऱ्या युक्तीशी त्याचा भेद स्पष्ट होतो. पहिले वाक्य किंवा शेवटचे वाक्य एकेकटे प्रमाण नाही. दोहोंचा मेळ कशात आहे, हे पाहायचे असते. वरील उताऱ्यात आरंभी पावसाचा आकडा आहे, शेवटी गावाचा निर्णय आहे. दोहोंना जोडणारा विषय पाणी हा आहे. आणि त्या दोन टोकांमधील प्रवास हाच उताऱ्याचा युक्तिवाद आहे.

अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. 'केवळ निसर्ग', 'कमी पाऊस म्हणजे दुष्काळ नव्हे', 'असेही मानता येणार नाही' या तीन ठिकाणी एकाच कारणावर बोट ठेवण्याला लेखक नकार देतो. शब्द वेगळे आहेत, क्रिया तीच आहे. अपूर्वता म्हणजे इतरत्र न मिळणारे, नव्याने सांगितलेले. माणला पाऊस कमी पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पाणीवापराच्या निर्णयाचा मुद्दा ही या उताऱ्याची भर आहे. मध्यवर्ती आशय शोधताना 'या उताऱ्याशिवाय हे कळले असते काय?' एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ पर्याय गळून पडतात.

फल म्हणजे प्रयोजन : उतारा पटला तर वाचकाने काय करावे? अर्थवाद म्हणजे मुख्य विधानाला उठाव देणारी स्तुती, निंदा किंवा दृष्टान्त. बाजरी, मटकी, मेंढपाळी यांचा उल्लेख अशा साहाय्यक स्वरूपाचा आहे. तो खरा आहे, उताऱ्यात आहे, तरीही तो आशय नव्हे. 'उताऱ्यात आहे म्हणून बरोबर' असे मानणारा विद्यार्थी अर्थवादालाच तात्पर्य समजतो. उपपत्ती म्हणजे युक्तिवाद : बंधारा भरूनही विहीर कोरडी का, याचे दिलेले कारण.

ही गमके जशीच्या तशी लावण्यास दोन मर्यादा आहेत. एक, ती संपूर्ण ग्रंथासाठी आहेत. परीक्षेचा उतारा एखाद्या मोठ्या लेखनातून कापून घेतलेला असतो. त्याचा उपक्रम लेखकाने नव्हे, प्रश्नकर्त्याने ठरवलेला असतो. मूळ लेखनात जो पूर्वपक्ष असेल तोच तेवढा कापून घेतला, तर परीक्षेपुरता तोच लेखकाचा पक्ष ठरतो, आणि विद्यार्थ्याने मूळ लेखक ओळखला असेल तर ती ओळखच त्याला नडू शकते. दोन, उपरोधाने लिहिलेल्या उताऱ्यात शब्द आणि तात्पर्य विरुद्ध दिशांना जातात. तेथे पुनरुक्ती मोजून चालत नाही. स्वर ऐकावा लागतो. या मर्यादा लक्षात घेऊनही, ही गमके वाचकाला उतारा पूर्ण वाचायला लावतात, हा त्यांचा युक्त्यांहून मोठा गुण आहे.

७. वेळ, गुण आणि अंदाज

'सगळे वाचायला वेळ नसतो' हे युक्त्यांच्या समर्थनार्थ दिले जाणारे मुख्य कारण आहे. ते हिशेबाने तपासता येते. राज्यसेवेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट मिळते. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात मिनिटे येतात. त्यांपैकी तीन मिनिटे शांतपणे वाचण्यात गेली, तरी प्रत्येक प्रश्नाला जवळजवळ एक मिनिट उरते. वेळ बहुधा वाचनात जात नाही. न वाचल्यामुळे प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा उताऱ्याकडे जाण्यात जातो.

गुणांचा हिशेबही असाच. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ गुणांची वजावट. अर्हतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. एकही उत्तर चुकले नाही तर २७ उत्तरे पुरतात. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडल्यास सरासरीने ०.१६ गुणाच्या आसपास लाभ होतो, तो नगण्य आहे. दोन पर्याय खात्रीने वगळता आले तर हाच सरासरी लाभ ०.९४ च्या जवळ जातो. केंद्रीय आयोगाच्या परीक्षेत वजावट एक तृतीयांश असल्याने निव्वळ अंदाजाचा सरासरी लाभ शून्यावर येतो. नवोदयच्या निवड चाचणीत वजावट नसल्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. थोडक्यात, अंदाज फायद्याचा ठरतो तो दोन पर्याय वगळता आल्यावर. आणि पर्याय खात्रीने वगळता येतात ते उतारा समजल्यावर. हिशेबाचा शेवटही वाचनापाशीच येतो.

८. महाविद्यालयीन अध्यापनाची जबाबदारी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. या परिसरातील उच्च शिक्षणाची परंपरा एवढी जुनी आणि व्यापक आहे की, घरात पहिल्यांदाच पदवी घेणारा विद्यार्थी हा येथील वर्गात अपवाद नसतो. अशा विद्यार्थ्याला घरी पुस्तकांचा संग्रह मिळालेला नसतो. वाचनाचे जे शिक्षण त्याला मिळायचे ते वर्गातच. तेथे तयार टिपणे देऊन त्याचे वाचन आपणच करून टाकले, तर अभ्यासिकेत युक्त्यांच्या मागे लागल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. त्याच्या वयाची दोन-तीन वर्षे आणि घरच्यांचा पैसा या परीक्षांत पणाला लागलेला असतो.

यासाठी वेगळा अभ्यासक्रम आखण्याची गरज नाही. नेमलेल्या वैचारिक निबंधातील एखादा परिच्छेद घेऊन तीन गोष्टी करून घेता येतील. पहिली, परिच्छेदाचे तात्पर्य एका वाक्यात लिहिणे. दुसरी, त्याच परिच्छेदावर विद्यार्थ्यांनीच एक प्रश्न आणि चार पर्याय तयार करणे. चुकीचा पर्याय रचताना वाचक कोठे घसरतो हे जितके कळते, तितके पन्नास प्रश्न सोडवूनही कळत नाही. तिसरी, सरावात उत्तर चुकले तर योग्य पर्याय कोणता एवढ्यावर न थांबता, निवडलेला पर्याय का चुकीचा आणि तो आपल्याला का आवडला, हे दोन ओळींत लिहिणे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला आहे. त्यामुळे तात्पर्य लिहिण्याचा हा सराव पुढेही कामी येणार आहे.

९. निष्कर्ष

१. उताऱ्यावरील प्रश्नांच्या प्रचलित युक्त्या कच्च्या प्रश्नांपुरत्या चालतात. पक्क्या प्रश्नांचे चुकीचे पर्याय त्याच युक्त्या गृहीत धरून रचलेले असतात.

२. मराठी वाक्यात निवाडा शेवटी येतो आणि मराठी वैचारिक गद्यात पूर्वपक्ष आधी येतो. म्हणून इंग्रजी गद्यासाठी सांगितलेली 'पहिले वाक्य' ही युक्ती मराठीत विशेष धोक्याची आहे.

३. 'च', 'ही', 'पण', 'मात्र' आणि अंत्य नकार यांकडे लक्ष देणे ही मराठी उताऱ्यासाठी सर्वांत भरवशाची सवय आहे.

४. परिचित विषयावरील उताऱ्यात स्वानुभव आणि लेखकाचे मत यांची सरमिसळ होण्याचा धोका अधिक असतो.

५. तात्पर्यनिर्णयाची सहा गमके मर्यादांचे भान ठेवून वापरल्यास वर्गात आणि परीक्षेत दोन्हीकडे उपयोगी ठरू शकतात.

६. आकलन शिकवणे हे भाषेच्या अध्यापकाचे मूळ काम आहे. ते वर्गात झाले, तर खावली-पलूसच्या चाचणीपासून राज्यसेवेपर्यंतच्या वाटेवर परीक्षार्थीला वाचनासाठी निराळ्या युक्त्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.